संख्यावाचक शब्दही बदलतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील भाषाकुळांवरच्या लेखात रशियन ‘द्वा, त्री, चेतीरे, प्यात्’ हे शब्द आपल्या दोन, तीन, चार, पाचशेजारी मांडून ‘संख्यावाचक शब्द सहसा बदलत नाहीत’ असे म्हटले आहे. नाते खरे, पण हे विधान काही पटले नाही.

रशियन चाळीसच पाहा. पोलिश, चेक, बल्गेरियन या तिच्या स्लाव्ह कुळातल्या बहिणी 40 ला ‘चार दहा’ अशा अर्थाचा शब्द वापरतात. जुन्या रशियनमध्येही तसाच होता. पुढे ‘सोरोक’ने त्याची जागा घेतली. त्याचे मूळ ग्रीक असल्याचे काहीजण मानतात. मला पटते ते दुसरे मत. सेबल या प्राण्याची मौल्यवान कातडी चाळिसाच्या गठ्ठ्याने विकली जात आणि त्या गठ्ठ्याला ‘सोरोक’ म्हणत. आपल्या ‘कोडी’ने उद्या ‘वीस’ला हुसकावून लावावे, तसाच हा प्रकार!

हजारचेही तेच. क्रोएशियनमध्ये जुना स्लाव्ह ‘तिसुचा’ टिकला, तर सर्बियनमध्ये ग्रीकांकडून आलेला ‘हिल्यादा’ रुळला. आपण तरी काय केले? ‘सहस्र’ घरात असताना फारसी ‘हजार’ घेतला. गंमत म्हणजे हा ग्रीक शब्द, ‘हजार’ आणि ‘सहस्र’ तिघे एकाच मुळाचे.

लेखकाने ‘प्यात्’ची जोडी ‘पाच’शी लावली, पण त्याचे अधिक जवळचे भावंड म्हणजे ‘पंक्ती’, म्हणजेच आपली पंगत. पंक्ती मुळात पाचांचा समूह. ‘प्यात्’ही मुळात असेच नाम होते. म्हणूनच रशियनमध्ये दोन ते चारचे व्याकरण वेगळे आणि पाचपासून पुढचे वेगळे: ‘प्यात् स्तोलोव’, शब्दशः ‘टेबलांचे पंचक’. विद्यार्थी नेमके इथेच अडतात आणि बहुतेक शिक्षक ‘पाठ करा’ म्हणून मोकळे होतात. ‘पंगत’ सांगितली की डोक्यात पटकन शिरते.

पुढच्या भागात एकवीसविषयीही लिहावे, ही विनंती. स्लोव्हेनियनमध्ये आपल्यासारखाच आधी एक, मग वीस. चेकमध्ये तर दोन्ही पद्धती चालतात. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितातील ‘वीस एक’वरून आपल्याकडे जो गदारोळ झाला, तो आठवणाऱ्यांना हे वाचायला नक्की आवडेल.

आपली,
रशियनची एक निवृत्त शिक्षिका, पुणे