मदत सीनेच्या पलीकडे अडकते, साहेब

मा. पालकमंत्री, सोलापूर जिल्हा,
सप्रेम नमस्कार.

पुण्याला जाताना लांबोटीला चिवड्यासाठी गाडी थांबवत नाही असा सोलापूरकर विरळा. त्याच लांबोटीपाशी सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुरानं पुणे महामार्ग बंद पाडला. इकडे विजापूर रोडवर हत्तूरपाशीही तीच गत. मी मंद्रूपच्या बाजूचा, नदीपासून हाकेच्या अंतरावर राहणारा. जी नदी बुडवते, तीच ओलांडून मदत आमच्याकडे येते, हे त्या आठवड्यात डोळ्यांनी पाहिलं.

एनडीआरएफची, म्हणजे केंद्राच्या आपत्ती दलाची, पाचवी बटालियन पुण्याच्याही पलीकडे, तळेगावजवळ. राज्याचं तसंच दल एसडीआरएफ, त्याच्या तुकड्या धुळ्याला आणि नागपूरला. रस्ता मोकळा असला तरी पुणे-सोलापूर अडीचशे किलोमीटर, त्यात बोटींचा ट्रक. ही मंडळी आली, लष्कर आलं, त्यांनी माणसं काढली. त्यांच्याबद्दल तक्रार करायला जीभ उचलत नाही. मी बोलतोय ते त्यांच्या आधीच्या पाच-सहा तासांबद्दल.

आमच्या शेजारच्या वस्तीवर एक कुटुंब स्लॅबवर जाऊन बसलं होतं. म्हातारी, दोन लेकरं, खाली दावणीला म्हशी. कुणी ११२ फिरवतंय, कुणी १०७७, कुणी १०१. रस्ता बंद व्हायच्या आत अग्निशमनची एक गाडी येऊन पोचली, कुठल्या गावची ते लिहीत नाही, कारण दोष त्या पोरांचा नव्हता. गाडीत होज होता, शिडी होती, मोठा दिवा होता. माणसं चार आणि लाइफ जॅकेटं दोन. बोट नव्हती. त्यातल्या एकानं पाण्यात उतरायच्या आधी गमबूट काढून टाकले. गमबुटात पाणी भरलं की पाय शिशाचा होतो, हे त्याला ठाऊक होतं. दोरी मात्र थेट कमरेला बांधायला निघाला. मुकादमानं ओरडून सोडायला लावली. धारेनं माणूस ओढला आणि दोरी ताणली गेली, की तीच दोरी त्याला पाण्याखाली दाबून धरते. पोहता येणं वेगळं आणि वाहत्या पाण्यातून माणूस काढणं वेगळं. आधी काठावरून काठी किंवा हात द्यायचा, नाही पोचला तर दोरी-रिंग फेकायची, मग बोट, आणि स्वतः पाण्यात शिरायचं ते सगळ्यात शेवटी. हे वाचून येत नाही, दरवर्षी हातानं करून येतं.

शेवटी गुऱ्हाळावरची काहील आणली. गूळ आटवायची, लोखंडी. तिला दोन बाजूंनी दोर लावून, कोळी समाजातल्या दोघा जाणत्यांनी ती माणसं एकेक करून आणली. पहाटे बोट आली, ती उसाच्या फडात अडकली. इंजिनाच्या पंख्याला ठिबकच्या नळ्या गुंडाळल्या होत्या. विळ्यानं कापून काढायला अर्धा तास गेला. वर विजेच्या तारा, एरवी डोक्याच्या कितीतरी वर, आता बोटीत उभं राहिलं की कपाळाला लागतील अशा. डीपी बंद केलाय का, हे सांगणारा तिथं कुणी नव्हता. पुराच्या पाण्यात उतरणाऱ्या बोटीसोबत महावितरणचा एक वायरमन फोनवर तरी हवाच.

साहेब, अग्निशमन हा कायद्यानं नगरपालिका-महापालिकांचा विषय. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत तो आहे. म्हणजे गावाला अग्निशमन दल नाही, गाव शेजारच्या शहराच्या मेहेरबानीवर. आणि शहराचं तरी काय? १९९२ च्या हद्दवाढीनं सोलापूर पाचपट पसरलं. मोठा पाऊस झाला की सखल वस्त्यांतून आधी त्याच दलाला फोन जातो. त्यांनीच १८ मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीतली ती आग झेलली, जिच्यात आठ जीव गेले. मे महिन्यात आग, सप्टेंबरात पाणी, आणि मधल्या काळात विहिरीत पडलेली म्हैस.

भीमेचा पूर निदान सांगून येतो. उजनी ११७ टीएमसीची, वरून वीर धरणाचं पाणी नीरेतून नरसिंहपूरला मिळतं, पंढरपूरला तयारीला वेळ मिळतो. सीना तशी नाही. अहिल्यानगर, बीड, धाराशिवचा पाऊस एकदम अंगावर येतो. (आम्हाला मेसेज येतो तो क्युसेकमध्ये. अमुक हजार क्युसेक म्हणजे माझ्या ओट्याची कितवी पायरी, हे कोण सांगणार?) दोन्ही नद्या फुगल्या की मंद्रूपकडचा भाग मधल्या बेचक्यात सापडतो.

म्हणून मागणी एवढीच आहे. बोटी, इंजिनं, जॅकेटं आणि शिकलेली माणसं पूर यायच्या आधीपासून सीनेच्या दोन्ही काठांवर असू द्या. मंद्रूप, मोहोळ, माढा, या बाजूला निदान इतकी तरी ठाणी हवीत. नवी इमारत नको. साखर कारखान्यांना आपल्या जिल्ह्यात तोटा नाही. त्यांच्याकडे शेड आहे, पहारेकरी आहे, काहींकडे स्वतःचा बंबही आहे. आपदा मित्र म्हणून शिकवलेल्या पोरांना आणि नदीवर हयात काढलेल्या कोळी बांधवांना अग्निशमनच्या जवानांबरोबर एकाच बोटीत बसवा. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आपणच आहात, पैसा कुठून काढायचा हे मी सांगायला नको.

फक्त बोटी घेऊन गोदामात टाकू नका. सोलापूरच्या उन्हात रबर तडकतं. मे महिन्यात एकदा हवा भरून, इंजिन लावून, पाण्यात सोडून बघायला लावा. आमच्या बंधाऱ्यात तेव्हाही थोडं पाणी असतं, तिथं घ्या चाचणी. जेवण गावाकडून.

ती काहील आम्ही गुऱ्हाळवाल्याला परत केली आहे. यंदा तिला तळाशी भोक पडलंय.

आपला,
सीनाकाठचा एक शेतकरी