गाडी धुतली की पाऊस पडतो, कशावरून?

संपादक महोदय, नमस्कार.

जून उजाडला की पेपरात पॅम्प्लेट सरकवलेलं असतंच, अबॅकस, वेदिक मॅथ्स, आणि आता नवीन भर म्हणजे ‘लॉजिकल थिंकिंग’. आमची लेक सातवीत आहे म्हणून मीपण गेल्या वर्षी तिला घेऊन डेमो लेक्चरला जाऊन आले. शिकवणाऱ्या बाई चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू. पण चाललं काय होतं तर २, ६, १२, २०, पुढे काय? पोरं ओरडली ३०, टाळ्या. स्कॉलरशिपच्या बुद्धिमत्ता चाचणीला हे लागतं, आम्हीही पाचवीत घोकून घेतलंय. पण या असल्या प्रश्नांची उत्तरं पुस्तकात मागे छापलेली असतात, म्हणजे विचार कोणीतरी आधीच करून ठेवलाय आणि मुलांनी तो फक्त हुडकायचा. ज्याचं उत्तर घरात कोणालाच माहीत नाही अशा प्रश्नाचं काय करायचं? फी भरली नाही (आकडा ऐकून नवरा आधीच गार झाला होता) आणि घरी जे केलं ते लिहितेय, बाकी पालकांना उपयोगी पडलं तर बघा.

आमचे सासरे, अण्णा, स्कूटर धुतात. आणि गाडी धुतली की त्या दिवशी पाऊस पडतोच असं त्यांचं पक्कं मत. लेक म्हणाली, कशावरून? अण्णा म्हणाले, तीस वर्षं बघतोय. मी म्हटलं भांडू नका, लिहून ठेवा. झालं, फ्रिजशेजारच्या कालनिर्णयवर नोंदी सुरू, धुतली त्या दिवशी ‘धु’, पाऊस आला तर ‘पा’. दुसऱ्याच दिवशी पहिलं भांडण, बारीक भुरभुर झाली तो पाऊस धरायचा का? अण्णा म्हणे धरायचा, ही म्हणे नाही. शेवटी नियम ठरला की दोरीवरचे कपडे भिजले तर पाऊस, नाहीतर नाही, आणि रात्री झोपेपर्यंतचाच मोजायचा. मला विचाराल तर निम्मं शिक्षण या भांडणातच झालं. मोजायला बसल्याशिवाय कळत नाही की आपण ‘पाऊस’ कशाला म्हणतो तेच ठरलेलं नाही.

पण खरी गंमत पुढे. आठवड्याने बघते तर गाडी धुतली नाही ते दिवस हिने कोरेच सोडलेले. म्हणे, धुतलीच नाही तर लिहायचं कशाला? मोठी माणसंही इथेच फसतात, मीसुद्धा. नवस फळला ते आठवतं, न फळलेले किती होते कोण मोजतंय. मग वहीवर चार खाने आखले: धुतली आणि पडला, धुतली आणि नाही पडला, नाही धुतली तरी पडला, नाही धुतली आणि नाही पडला. ६० दिवस लिहिलं. गाडी १२ वेळा धुतली, त्यातल्या ८ वेळा पाऊस. न धुतलेले ४८ दिवस, त्यातले ३३ पावसाचे. टक्केवारी तिनेच काढली, ६७ आणि ६९. म्हणजे सातारच्या पावसाला अण्णांच्या स्कूटरशी काही देणंघेणं नाही.

अण्णा हरणारे नव्हेत. म्हणाले पावसाळ्यात रोजच पडतो, एप्रिलमध्ये मोजून दाखव. ती चिडली, पण मुद्दा बरोबर होता हो. पोरीला मी तेच सांगितलं की आजोबांनी तुझ्या प्रयोगातली चूक काढलीये, आता उन्हाळ्यात परत मांड.

याच भरात तिला नारळीकर सरांच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. डॉ. जयंत नारळीकरांनी २००८ मध्ये दाभोलकर वगैरे मंडळींसोबत पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. २०० मुलांच्या पत्रिका, १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या, मिसळलेल्या. प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका द्यायच्या आणि त्याने सांगायचं कुठली कोणाची. २७ जणांनी उत्तरं पाठवली, बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. लेकीचा पहिला प्रश्न, ४६ म्हणजे पास ना? कारण शाळेत ३५ ला पास. मग आम्ही ४० चिठ्ठ्या केल्या, २० वर ‘ह’, २० वर ‘म’, घड्या घालून डब्यात, आणि प्रत्येकाने न बघता ओळखायचं. माझे २१ बरोबर, तिचे १७, नवऱ्याचे २३, तो लगेच कपाळाला गंध लावून बसला. तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला की काहीच माहीत नसताना नुसत्या अंदाजाने निम्मे बरोबर येतातच, मग ४६ ला अर्थ काय राहिला. डबा, चिठ्ठ्या आणि एक संध्याकाळ, खर्च शून्य.

लोक म्हणतात नोकरी करून वेळ कुठे असतो. मलाही नसतो, भाजी निवडताना, स्टँडवर एसटीची वाट बघताना जेवढं होतं तेवढं. खरी अडचण वेळेची नाहीच, ‘कशावरून?’ हा प्रश्न मुलांना शिकवला की तो आपल्याकडे वळतो ही आहे. बाथरूमचा दिवा चालू ठेवते म्हणून मी रोज ओरडायचे. एक दिवस ही लाईटबिल आणि गिझरवरचं स्टिकर वाचून आली. गिझर २००० वॅटचा, दिवा ९ वॅटचा, तुझा गिझर दहा मिनिटं जास्त चालला की माझा दिवा ३७ तास जळतो. गणित तपासलं, बरोबर होतं. मोबाईलमुळे मार्क कमी झाले म्हटलं तर म्हणे कशावरून, सहामाहीला मोबाईल नव्हता तेव्हाही एवढेच होते. आता बोला. ‘उलट बोलू नकोस’ ओठांवर आलं होतं, गिळलं. एरवी किती वेळा गिळलं नाही तेही कबूल करते. बालभारतीच्या प्रत्येक पुस्तकात सुरुवातीला नागरिकांची कर्तव्यं छापलेली असतात, त्यात वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगायचं कर्तव्यही आहे, १९७६ पासून घटनेत आहे ते. मुलं ते पान उलटून पुढे जातात आणि आपणही.

तुम्हाला एक विनंती. मुलांच्या पुरवणीत कोडी देता आणि खाली उलट्या अक्षरात उत्तर, त्यातलं एखादं कोडं काढून तिथे घरी मोजून बघायचा प्रश्न द्या, उत्तर न छापता, आणि मुलांनी काय मोजलं ते पुढच्या महिन्यात छापा.

आमच्याकडे सध्या ‘कावळा ओरडला की पाहुणे येतात’ चालू आहे. कावळा रोजच ओरडतो हे पहिल्या चार दिवसांत कळलं. आता वाद इथे अडलाय की सिलेंडरवाला पाहुणा धरायचा का. अण्णांचं म्हणणं, चहा घेतला तर धरायचा.

एक पालक, सातारा