पंखा बंद केलास त्याबद्दल

तुला पत्र लिहायचं मे महिन्यापासून डोक्यात होतं, राहूनच गेलं. परवा निमित्त मिळालं. मुलगा बंगळुरूला असतो, त्याने त्याच्या ॲपने काढलेली वर्षाची यादी पाठवली, २०२५ मध्ये इतकी मिनिटं ऐकलंत, हा अल्बम सगळ्यात जास्त, असलं रंगीबेरंगी चित्र असतं ते, आणि खाली विचारलं की बाबा तुमचे या वर्षीचे आवडते अल्बम कुठले? प्रश्न साधा. पण मी फोन हातात धरून बराच वेळ नुसता बसून राहिलो, कारण हेच त्याने आदल्या वर्षी विचारलं असतं तर उत्तर होतं, एकही नाही.

नाव लिहीत नाही तुझं, तूच सांगितलंस की कुठे टाकायचं नाही. बाकीच्यांना एवढंच सांगतो की माझं कानाचं, ऐकू यायचं मशीन तू नीट लावून दिलंस. पहिल्या दिवशी मी मॅडम म्हणालो तर हसलीस आणि म्हणालीस काका तुमची मुलगी माझ्याहून मोठी असेल. मला मुलगी नाही, पण तेव्हापासून अगं-तुगंच चाललंय, इथेही तसंच लिहितो.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगतो. मी ६७ वर्षांचा, रिटायर्ड, पुण्यात राहतो, गाणं शिकलो नाही पण ऐकलं मात्र वेड लागल्यासारखं. सवाई गंधर्व महोत्सवाला रमणबागेत गारठ्यात शाल पांघरून रात्रभर बसणारी जी जमात होती ना, त्यातला. आणि कान काही एका दिवसात जात नाहीत, सावकाश जातात, आणि वरचे सूर आधी जातात. बोलण्यातले स, श, फ गळायला लागतात. आमची ही म्हणायची सहा वाजता निघायचंय, मला ऐकू यायचं दहा वाजता, यावरून घरात किती वादावादी झाली असेल त्याचा हिशोब नाही. पण बोलण्याचं भागतं गं, तोंडाकडे बघून अंदाज बांधता येतो. गाण्याचा अंदाज कसा बांधणार? तबल्याचा डग्गा घुमायचा पण उजव्या हाताची चाट, म्हणजे कडेवरचा बारीक बोल, तो नाही, म्हणजे ठेका अर्धाच. तान कळायची, तिचे दाणे नाहीत. १५ डिसेंबर २०२४ ला तबल्याचे झाकीरभाई, झाकीर हुसेन, गेले, सगळे एकमेकांना त्यांच्या क्लिपा पाठवत होते, मीही एकामागून एक लावल्या आणि मला निम्माच माणूस ऐकू येत होता. त्या दिवशी मी जेवलो नाही. हिला सांगितलं अपचन झालंय.

मशीन तेव्हा नव्हतं असं नाही. होतं की. त्याच वर्षी घेतलेलं, दोन कानांचे दीड लाख. दुकान कसलं, हॉटेलसारखं, आत गेल्यागेल्या कॉफी, भिंतीवर हसऱ्या म्हाताऱ्यांचे फोटो. शिट्टी ऐकू आली की बटण दाबा, झालं, मशीन कानात, "काका, आवाज येतोय ना?" येतोय की. कुकरचा येतोय, पेपरच्या घडीचा येतोय, शेजारच्या स्कूटरचा तर घरात आल्यासारखा येतोय. घरी येऊन मोठ्या उमेदीने कॉल ऑफ द व्हॅली लावली, १९६७ ची, शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसादांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार, काश्मीरमधल्या धनगराचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत, ती. आणि बासरी थरथरायला लागली, लांब सूर धरला की बुडबुडे आल्यासारखी, पाण्याखालून कोणीतरी वाजवतंय. मला वाटलं रेकॉर्डच गेली. मऊ फडक्याने पुसली, मग साबणाच्या पाण्याने धुतली, मग प्लेअरची सुई बदलली, अठराशे रुपये गेले. बासरी तशीच. मशीन काढून बघायचं मात्र मला सुचलं नाही, म्हणजे बघ माणूस किती विश्वास ठेवतो.

परत गेलो तर तिथला मुलगा म्हणाला, मशीन बोलण्यासाठी असतं काका, गाण्यासाठी नसतं, आणि या वयात बोलणं कळलं की पुरे ना. पुरे ना! दुसरीकडे गेलो, त्यांनी अडीच लाखांचं दाखवलं आणि त्यात गाण्याचं काय हे विचारल्यावर माहितीपत्रकच वाचून दाखवलं. तिसरे एक मोठे डॉक्टर, त्यांनी फाइल न उघडता वयोमान म्हटलं. दोन तास थांबून वयोमान. ते तर घरच्या कॅलेंडरवरही दिसतं. कोणी वाईट वागलं असं म्हणत नाही, सगळे गोडच बोलले, पण एकाने विचारलं नाही की काका तुम्ही ऐकता काय.

तू पहिलं तेच विचारलंस. मी काहीतरी मोघम म्हणालो, जुनं शास्त्रीय वगैरे, लाजच वाटली, एवढी पेशंटची रांग बाहेर. तर तू म्हणालीस, असं नाही, नेमकं सांगा, आणि पुढच्या वेळी घेऊनच या. आणि नवीन मशीन विकलं नाहीस. तेच दीड लाखाचं घेऊन ये म्हणालीस, त्यात सगळं आहे, कोणी उघडून बघितलं नसेल. तिथेच मला तू पटलीस खरं म्हणजे.

सेटिंगचं सगळं इथे लिहीत नाही, मला निम्मं कळलं नाही, पण तू जे समजावलंस ते मी आता कट्ट्यावर सगळ्यांना सांगत सुटलोय. की मशीनला माणसाचं बोलणं ओळखायला शिकवलेलं असतं. बोलणं तुटक असतं, थांबतं, परत सुरू होतं. जो आवाज न थांबता एकसारखा येत राहतो तो त्याच्या हिशोबाने गोंगाट, मग तो पंख्याचा असो नाहीतर फ्रिजचा, दाबून टाक. लांबलेला स्वच्छ सूर आला की त्याला वाटतं ही माझीच शिट्टी, ती मारायला जातं, म्हणून हरिप्रसादांची बासरी थरथरते. आणि हळू आवाज उचल, मोठा आवाज बसव, सगळं एका पातळीत, इस्त्री फिरवल्यासारखं, म्हणून तान वर गेली तरी वर गेल्यासारखी वाटतच नाही. एवढं साधं होतं. दीड वर्ष मला वाटत होतं की माझ्यातलं गाणंच मेलं.

आणि एकसारखा येत राहणारा आवाज म्हणजे गाण्यात काय? तंबोरा! माझं मशीन तंबोऱ्याला फ्रिज समजत होतं. हे ऐकल्यावर मी तुझ्यासमोर इतका हसलो की बाहेरची रिसेप्शनवाली डोकावून गेली, आणि मग एकदम रडूच आलं, ते तू बघितलंस आणि बघितलं नाही असं दाखवलंस, त्याबद्दलही आभार.

पण पत्र ज्यासाठी लिहितोय ते वेगळंच आहे.

मे महिना, दुपारचे तीन, तुझी ती छोटी केबिन, एसी नाही, वर एक खडखडणारा पंखा. मी किशोरीताई आमोणकरांचा भूप राग आणला होता, मोबाईलवर आणि मुलाने दिलेल्या छोट्या स्पीकरवर. माझ्याकडे रेकॉर्ड आहे त्याची, एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री, १९७८ साली पहिल्या पगारातून घेतलेली, तेव्हा घरी प्लेअर नव्हता, दोन वर्षं मित्राकडे जाऊन ऐकायचो, पण रेकॉर्ड आमची. सुरुवातीला नुसता तंबोरा येतो. दोन-तीन सेकंद छान आणि मग तो विरत विरत गायब, मशीनने ओळखला ना गोंगाट म्हणून. तू कॉम्प्युटरवर काहीतरी कमी केलंस, परत लावलं, आता थोडा जास्त टिकला. परत. मग तू म्हणालीस, काका, हा पंखा पण एकसारखाच आवाज करतोय, मशीन त्याला दाबतंय की तंबोऱ्याला ते मला कळत नाहीये. आणि उठलीस आणि पंखा बंद केलास. खिडकी पण लावलीस, बाहेर रिक्षा होत्या.

त्या भट्टीत तू बसलीस पाऊण तास. ओढणीने कपाळ पुसत. मी दोनदा म्हटलं अगं लाव पंखा, जमलं आता, तर म्हणालीस तुम्ही मला सांगा काय ऐकू यायला पाहिजे, मला गाण्यातलं कळत नाही. हे कोणी म्हणतं का सांग, शिकलेलं माणूस, समोर मशीनचा आलेख, आणि म्हणतंय मला कळत नाही, तुम्ही सांगा. मग मी सांगितलं की तंबोरा चांगला लागला असेल तर खर्जाच्या तारेतून गंधार, म्हणजे सा रे ग मधला ग, आपोआप ऐकू येतो, कोणी न छेडता, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तुझा चेहरा असा झाला की काका काहीतरी देवाधर्माचं बोलतायत. पण तू ते पॅडवर लिहून घेतलंस, "गंधार आला पाहिजे", ब्लड प्रेशरच्या गोळीसारखं. आणि नंतर दर वेळी विचारायचीस, आला का? नाही. आला का? थांब जरा... नाही.

आणि मग आला. कितव्यांदा लावलं होतं माहीत नाही. आधी तंबोरा विरला नाही, राहिला, आणि मग त्याच्या पोटातून तो गंधार, बारीक, आणि त्यावर ताईंनी सूर लावला. भूपात गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, घरमालकच तो. मी हात वर केला, बोलवेना. तू स्पीकर बंद केला नाहीस. मला वाटलं आता पुढच्या पेशंटला बोलवशील, काम झालं होतं ना तुझं, पण तू खुर्ची मागे ढकलून बसून राहिलीस आणि ती पूर्ण बाजू वाजू दिलीस, सहेला रे संपेपर्यंत, पंखा बंद ठेवून. संपल्यावर म्हणालीस, मला तो गंधार नाही ऐकू आला काका, पण छान होतं.

तर मुलाला मी आता यादी पाठवलीय. पहिला नंबर अर्थातच भूप आणि बागेश्री, बागेश्रीतल्या कोमल गंधाराचं सुख वेगळं, ते पावसाळ्यात कळलं. कॉल ऑफ द व्हॅली दुसरी, शेवटच्या पहाडीत बासरी सरळ उभी राहते आता, थरथरत नाही, मात्र सुईचे अठराशे गेले ते गेलेच. वसंतराव देशपांड्यांची कट्यार काळजात घुसली नाटकातली पदं ऐकली, त्यांच्या ताना सुटल्या की हिलासुद्धा भाजी निवडायची थांबवून ऐकावं लागतं. शिवकल्याण राजा मात्र अजून जमत नाही गं, कोरस आणि सगळी वाद्यं एकदम आली की गोधडी होते, पुढच्या खेपेला बघू, नाहीच जमलं तरी तक्रार नाही.

कुमार गंधर्वांचं त्रिवेणी मी मुद्दाम शेवटपर्यंत राखून ठेवलं होतं, भीती वाटत होती. कबीर, सूरदास, मीरा. त्यांचे तंबोरे म्हणजे काय विचारू नकोस, ते लावण्यातच त्यांचं निम्मं गाणं असायचं. १९४८ ला देवासला आले ते क्षय घेऊन, डॉक्टरांनी गाणं बंद सांगितलं, काही वर्षं माणूस अंथरुणावर, आणि परत गायला लागले ते एका फुफ्फुसावर, आणि असं गायले की आधीचं विसरावं. माझी त्यांच्याशी तुलना नाही, मी कुठला, माझं तर नुसतं ऐकणं. पण ते लावलं तेव्हा मनात आलं की त्यांनाही कोणीतरी "आता गाणं कशाला" म्हटलंच असेल.

आणि एक नवीन पण आहे हं, नाहीतर मुलगा म्हणेल म्हातारा जुन्यातच अडकलाय. शक्ती बँडचा धिस मोमेंट, २०२३ चा, त्यालाच पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं, गिटारवाले मॅक्लॉफ्लिन, शंकर महादेवन आणि आपले झाकीरभाई. मुलानेच पाठवला होता तेव्हा, मी ऐकला नव्हता, ऐकून काय करणार होतो. ऑगस्टमध्ये ऐकला. चाट ऐकू आली. दोन्ही हात ऐकू आले. त्या दिवशी मी हिला ते अपचन खरं काय होतं ते सांगितलं.

सौजन्य सौजन्य म्हणून शाळेत फळ्यावर सुविचार लिहायचो आम्ही, मला वाटायचं म्हणजे गोड बोलणं. गोड तर ते कॉफीवालेही बोलत होते. तू काही फार गोड बोलत नाहीस खरं तर, मशीन ओलं झालं म्हणून मला चांगलीच झापलीस. पण घाम तुला आला. एवढाच फरक असेल कदाचित.

तू मशीनमध्ये त्या सेटिंगला प्रोग्रॅम तीन न म्हणता "गाणं" असं नाव टाकून दिलंयस, ते फोनवर रोज दिसतं. संध्याकाळी दिवा लावून झाला की मी ते दाबतो. कुकर, स्कूटर, पेपर सगळं मागे जातं आणि तो फ्रिज सुरू होतो.

मे महिन्यात तपासणीला यायचंय, तारीख तूच लिहून दिलीयस. शिवकल्याण राजा आणतो स्पीकरवर. वेळ दुपारचीच असेल तर आमच्याकडे वाळ्याचा हातपंखा आहे, आईच्या वेळचा, तो घेऊन येतो. पाणी शिंपडून वापरायचा. त्याचा आवाज होत नाही.