एल्फबाईच्या कानांबद्दल

बडोदे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या चित्रकथेची पानं मिळाली. आईला जंगल आवडलं, मला कान. एल्फबाईचे कान तू झकास काढलेस, लांब आणि टोकदार. पण सबंध गोष्टीत ती त्या कानांनी ऐकत काहीच नाही! जंगल वाळायला लागलं, की निघाली आपली सात डोंगर ओलांडून झगमगता खडा आणायला. खडा कशाला? जंगल का वाळतंय ते तरी तिने आधी बघावं की नाही?

ऋग्वेदात (10.146) अरण्यानीचं सूक्त आहे. ही वनदेवी दिसत नाही, तिची चाहूल लागते. संध्याकाळी रानात राहिलेल्याला वाटतं, कुणी गाईला हाक मारतंय, कुणी लाकूड तोडतंय, कुठे गाडी करकरतेय, कुणीतरी किंचाळलं. तुझ्या एल्फला नऊवारी नेसव असं मी म्हणत नाही. ती युरोपातल्या दंतकथांमधली, तिथलीच राहू दे. तिला ऐकायला लाव, एवढंच.

काय ऐकायचं ते आता बॉटनीचा मास्तर सांगतो. कंटाळू नकोस.

कमाटीबागेत वडाची लाल फळं तू लहानपणी फ्रॉकच्या ओच्यात गोळा करायचीस. त्या फळाच्या आत, भिंतीला लागून, शेकडो बारीक फुलं असतात. त्यांचं परागीभवन एकच जातीची गांधीलमाशी करते, युप्रिस्टिना मॅसोनी. तिळाहूनही लहान. कच्च्या फळाच्या टोकाला असलेल्या छिद्रातून मादी आत घुसते, घुसताना बहुधा पंख तुटतात. आत ती पराग टाकते, अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखी. ते माद्यांशी मीलन करतात, फळाला बाहेर पडायची वाट पोखरतात आणि मरतात. माद्या पराग घेऊन उडतात. हाताशी जेमतेम एक-दोन दिवस, तेवढ्यात दुसरा वड गाठायचा, तोही नेमकी कच्ची फळं धरलेला.

एका झाडाची फळं साधारण एकदमच तयार होतात, म्हणून माशीला आगेमागे फळणारे पुष्कळ वड लागतात. ते तोडले की साखळी तुटते. माशी संपते, फळं पिकत नाहीत, हरियल आणि वटवाघळं उपाशी. बी पडत नाही, नवा वड उगवत नाही. उभं झाड मात्र कितीतरी वर्षं हिरवंगार दिसत राहतं, कुणाला पत्ताच लागत नाही.

तुझ्या एल्फला लागेल. एवढ्याशा पंखांची गुणगुण बंद झाली, हे तिच्याच कानांना कळणार.

मग घडू दे तिचा प्रवास! परक्या रानातून तिने माशा बाहेर पडायच्या बेतात असलेली फांदी तोडून आणायची. वाटेत फळं फुटायला लागली, माशा उडायला लागल्या, वारा उलटा, आणि आपल्या रानातला एकच वड कच्च्या फळांवर आहे. राक्षसाची गरजच काय? तो काळा राक्षस काढून टाक, त्याची शिंगंही जमलेली नाहीत. खलनायक कुऱ्हाडवालाच ठेव, आणि त्यालाही चुलीला लाकूड हवं असू दे.

फळ उभं चिरून, भिंगाखाली बघून मगच चित्र काढ. पुण्यात वडांना तोटा नाही. आई विचारतेय, भाकरवडी कुरिअरने पाठवू का? चितळ्यांच्या गावात बडोद्याची भाकरवडी पाठवायची हौस तिचीच.

तुझे
बाबा