दाल मिलच्या मुनीमजींना पापडवालीचं पत्र

आदरणीय नाना,
सा. न.

मोबाइलवर एवढं लांब वाचायचा तुम्हाला कंटाळा, म्हणून वाचून दाखवायला तुमच्या नातीला सांगितलंय. घरी येऊनही हे बोलता आलं असतं, पण समोर आभार मानले की तुम्ही चहाचं नाव काढून विषय बदलता. आणि चारचौघांत लिहायला कारणही आहे. पापड, बिबडे (ज्वारीचे पापड), मसाले करणाऱ्या पाचोऱ्या-पारोळ्याच्या बाया फोन करून मला विचारतात, ताई, धंदा कसा वाढवला? मी जे सांगते ते सगळं तुमचं असतं. माझ्या नावावर किती दिवस खपवू?

आपल्या अमळनेरात धंद्याचा विषय निघाला की माणसं लगेच विप्रोच्या शेअरवर जातात. कोणाच्या आजोबांनी घेतले होते, कोणी कवडीमोलाने विकून टाकले. १९४५ साली इथे निघालेल्या आणि पुढे विप्रो झालेल्या वनस्पती तुपाच्या कारखान्याची गोष्ट मोठीच आहे, पण तिच्यातून उडदाच्या पापडाचा भाव निघत नाही. तुम्ही जळगावला दाल मिलमध्ये जन्मभर कीर्द-खतावणी लिहिलेली. तुम्ही आधी माझी खर्चाची यादी मागितलीत. उडदाचं पीठ, पापडखार, हिंग, मिरे, तेल, दळण, लाटणाऱ्या बायांची मजुरी, पिशवी. चष्म्यावरून बघत म्हणालात, "तुन्ही मजुरी कोठे शे, माय?"

घरच्या बाईची मजुरी आपल्याकडे कोण लिहितं? पण पीठ तिंबणं, वाळवणाची राखण, पाकिटं भरणं, दुकानदारांचे फोन, हे सगळं मी आजारी पडले तर कोणीतरी पैसे घेऊनच करणार. ते पैसे भावात आजच धरायचे, हा तुमचा हट्ट. त्याखाली तुम्ही 'घट' असा रकाना ओढलात. पीठ घेतलं त्या वजनाचा भाव वेगळा आणि पापड वाळल्यावर, तुटके बाजूला काढल्यावर जे उरतं त्याचा भाव वेगळा. तेव्हापासून प्रत्येक घाण्याचं वजन दोनदा होतं आणि तुटका माल चुरा म्हणून वेगळा विकला जातो.

मी सगळ्यांना आवर्जून सांगते ते वटावाचं गणित. दुकानदार छापील किमतीवर २० टक्के मागतो. साधा माणूस म्हणतो, बरं, मी खर्चावर २० टक्के चढवतो, फिटंफाट. तुम्ही कागदावर मांडून दाखवलंत: खर्च १००, चढवून १२०, त्यातून दुकानदाराचे २० टक्के म्हणजे २४ गेले, हातात ९६. विक्री जेवढी जास्त, तेवढं नुकसान जास्त. फक्त खर्च निघायलाच १२५ छापावे लागतात, आपला नफा त्याच्या वर. दुकानात माल ठेवायच्या आधी हा कागद मिळाला, हे माझं नशीब.

दुसरा कागद बारा चौकोनांचा. आपला धंदा उन्हाचा. महाशिवरात्रीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, हात चालतात, पुढे पावसाळ्यात वाळवण नाही. नवा उडीद बाजारात येतो दसऱ्याच्या आगेमागे, तेव्हा पैसे जातात. पापड होतो उन्हाळ्यात, तेव्हा मजुरी जाते. दुकानातून पैसे सुटतात ते थेट श्रावण-दिवाळीला. प्रत्येक महिन्यात आलेले आणि गेलेले लिहायचे, शिल्लक पुढच्या चौकोनात ओढायची. जिथे शिल्लक सगळ्यात खाली जाते, तेवढं भांडवल लागतं. कर्ज मागायचं तर तेवढंच. बँकेतल्या साहेबांपुढे मी तोच कागद ठेवला. तेव्हा पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पाच्या खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, अनुदान मिळत होतं. पण ते कर्जाला जोडलेलं होतं आणि किमान १० टक्के आपले घालावे लागत होते. ३५ टक्के ऐकून उगाच मोठं मशीन घ्यायचं नाही, हेही तुमचंच.

पाकिटावर चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक, निव्वळ वजन, महिना-वर्ष, किंमत, पत्ता, तक्रारीसाठी फोन. एवढं तर सगळ्यांनाच माहीत असतं.

उधारीवर मात्र आपलं कधी पटलं नाही. तुम्ही म्हणता रोखीशिवाय माल द्यायचा नाही. नाना, गल्लीतल्या कानबाईच्या सणाला रोटांचं जेवण जिच्या घरी जेवले, तिला पाव किलो पापडासाठी रोख मागू? तिथे मी तुमचं ऐकलं नाही, ऐकणारही नाही. मोठ्या दुकानदारांच्या उधारीला मात्र मुदत बांधली. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी केली, फुकट असते ती, एजंटाला एक पैसा द्यायचा नाही. बिलावर तो क्रमांक छापला. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर चक्रवाढ व्याज. आणि आता मुदतीत दिले नाहीत, तर देईपर्यंत घेणाऱ्याला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. व्याजाची धमकी कोणी मनावर घेत नाही हो, पण आयकराचं नाव काढलं की त्यांचा सीएच आठवण करून देतो. मार्चमध्ये तर न मागता पैसे येतात.

ह्या सगळ्यासाठी आभार. फी विचारली तेव्हा तुम्ही बिबड्यांवर भागवलंत, तेही भाजलेले, तळलेले चालत नाहीत म्हणून. पुढच्या घाण्याचे बाजूला काढलेत.

आणि एक काम आहे. पुण्याचा एक दुकानदार म्हणतो, ४५ दिवस थांबा, नाहीतर रोख घेऊन ५ टक्के वटाव द्या. मी मांडून पाहिलं. ९५ रुपये दीड महिना आधी मिळावेत म्हणून ५ सोडायचे, म्हणजे वर्षाचं व्याज ४० टक्क्यांच्या वर जातं. बँकेचं कर्ज त्याहून कितीतरी स्वस्त. म्हणून मी थांबणार आहे. तुम्ही रोखच घे म्हणणार, ठाऊक आहे. रविवारी वही घेऊन येते, तेव्हा भांडू.

तुमची,
गल्लीतली पापडवाली