पहिला बार खांद्याला लावून नको

मिरज,
मंगळवार, रात्री

चि. शर्वरी हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी बोलता बोलता मी फोन ठेवून दिला, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतेच बोलते आहे आणि तिचे काही चुकलेले नाही. 37 वर्षे आयटीआयमध्ये पोरांना फिटरचे काम शिकवताना आवाज चढवायची जी सवय लागली, ती अमेरिकेत लँकेस्टरला राहणाऱ्या आणि स्वतःचे पोट स्वतः भरणाऱ्या मुलीवर काढायला नको होती. स्वतःच्या हातांनी घडवलेल्या बंदुकीचा पहिला बार तू शनिवारी उडवणार आहेस, त्याविषयी या पत्रात एक अक्षरही लिहायचे नाही, असे ठरवून बसलो आहे. टपालाने पत्र शनिवारच्या आत पोहोचायचे नाही, म्हणून चिन्मय सकाळी पानांचे फोटो काढून तुला पाठवील. पाहा, दोन ओळींत शनिवार आलाच.

कुंद्याची, म्हणजे बंदुकीच्या लाकडी अंगाची, छायाचित्रे मी भिंग घेऊन पाहिली. मी तिथे होतो तेव्हा मेपलच्या लाकडातले आडवे पट्टे जेमतेम दिसत होते. लोखंड विरघळवलेले नायट्रिक आम्ल लावल्यावर लाकूड आधी हिरवट पडते आणि धग दाखवली की तांबूस होऊन पट्टे वाघाच्या पाठीसारखे उठतात, हे मी आईला समजावून सांगितले, तरी ती म्हणते की हे रंगवलेलेच आहे. वर जवसाच्या तेलाशिवाय काही नाही, हे तिला तू स्वतः सांग. गोळी ठासायचा गज ठेवायचे लांब भोक पाडलेस तो दिवस मला आठवतो. वर नळीची खाच, खाली भोक आणि दोहोंच्या मध्ये जेमतेम तीन मिलिमीटर लाकूड. चार फुटांचे गिरमिट आत कुठे भरकटले तर महिनाभराचे काम सरपणात जाणार होते. ते नेमके जागेवर निघाले तेव्हा तू फक्त हात पुसलेस. मला मात्र वर जाऊन पाणी प्यावे लागले होते.

इथे कट्ट्यावर सगळ्यांना तुझ्या बंदुकीचे कौतुक आहे, म्हणजे मीच ते पसरवले आहे. ठासणीची बंदूक म्हटल्यावर देशपांड्यांना कोकणातले डुकरांच्या शिकारीचे दिवस आठवतात. मग मी त्यांना तुझेच शब्द ऐकवतो. अठराव्या शतकात जर्मन मुलखातून पेन्सिल्व्हेनियात आलेल्या कारागिरांनी आपली आखूड, जाड नळीची शिकारी रायफल हळूहळू 42 ते 46 इंचांपर्यंत लांबवली आणि तिचे तोंड लहान केले, कारण जंगलात दोन-दोन महिने राहणाऱ्या माणसाला शिसे आणि बंदुकीची दारू पाठीवरून वाहून न्यावी लागे. जेवणाच्या टेबलावर तू हिशोब मांडला होतास की सहा दशांश इंचाच्या नळीसाठी एका पौंड शिशातून बावीसेक गोळ्या निघतात, तर अर्ध्या इंचाच्या नळीसाठी चाळीसेक. हा हिशोब मी इतक्या वेळा सांगितला आहे की आता तो मला माझाच वाटतो.

तुला बंदुकीचा नाद कुठून लागला, असे मावशी विचारते. मला त्याचे नवल वाटत नाही. फरीदसाहेब शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारांची शिकल, म्हणजे ती घासून चकचकीत करण्याचे काम, सोडून इथे मिरजेत तंबोरे करायला घेतले. म्हणजे हत्यार आणि वाद्य यांत आपल्या गावी एका हाताचेच अंतर होते. सहा वर्षांची असताना तू त्या गल्लीत जवारी काढणाऱ्यांसमोर फतकल मारून बसायचीस. घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचे आणि पुन्हा केसभर घासायचे. तुझ्या तळघरात नळीला दिव्याची काजळी लावून ती लाकडाच्या खाचेत बसवताना, उचलून काळे डाग पाहताना आणि तेवढेच डाग पटाशीने तासताना मी तुला पाहिले, तेव्हा ती फतकल मारलेली मुलगीच समोर दिसली. दिवसभर तेच चालले होते आणि तुला जेवायची आठवण नव्हती. हे पोरकट आहे खरे, पण मला असा विद्यार्थी 37 वर्षांत मिळाला नाही, आणि मिळाला तेव्हा मी निवृत्त होऊन पाहुणा म्हणून स्टुलावर बसलेला होतो.

आता जे लिहिण्यासाठी खरे म्हणजे बसलो आहे, ते लिहितो.

नळी विकत घे, असे तुझ्या गुरुजींनीही सुचवले होते. आज हौसेने अशा बंदुका करणारे बहुतेक लोक कारखान्यातली नळी घेतात. जुन्या काळीसुद्धा लँकेस्टरचे कितीतरी कारागीर तयार नळ्या घेत आणि चाप विलायतेहून आलेला बसवत, हे तूच मला सांगितलेस. व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला बंदूककार वॉलेस गस्लर यांनी 1960 च्या दशकात सगळी बंदूक पुन्हा हाताने घडवून दाखवली, त्या वाटेने जायचे तू ठरवलेस. जुन्या पुलाच्या भंगारातली घडीव लोखंडाची पट्टी तू मिळवलीस, कारण तसले लोखंड आता कोणी करतच नाही. पट्टी गजाभोवती वळवून मधल्या भागापासून दोन-दोन इंच सांधत जायचे, टाकणखार टाकायचा, लोखंड पांढरे होऊन ठिणग्या टाकू लागले की भट्टीतून काढून ऐरणीवर तीन-चार ठोके घालायचे आणि पुन्हा आत. एकेक वेळ तापवणे म्हणजे एक ताव; तावांची संख्या मी खडूने दारावर लिहीत होतो.

सतराव्या तावाला मी "वा!" म्हणालो. तुला ते आठवत असेल. तू नळी बाहेर काढलीस, हातोडा उचललास आणि माझ्याकडे वळून हसलीस. मी लहानपणी तुझ्या कुठल्याही कामाला वा म्हटलेले नव्हते, हे मला ठाऊक आहे आणि तुलाही. एवढ्यात एक-दोन सेकंद गेले असतील. तुझा पहिला ठोका पडला तेव्हा लोखंड पांढऱ्यावरून पिवळ्यावर उतरले होते. मी ते पाहिले. माझे डोळे आता बारीक अक्षर वाचत नाहीत, पण तापलेल्या लोखंडाचा रंग त्यांना अजून कळतो. त्या ठिकाणी सांधा एकजीव झाला की वरवर चिकटला, हे मी सांगू शकत नाही. पुढच्या तावात तो भाग पुन्हा तापला होता आणि तू त्यावर ठोकेही घातलेस, त्यामुळे तो भरून आलाही असेल. मी त्याच वेळी बोलायला हवे होते. तू इतकी आनंदात होतीस की मी दारावर सतराचा आकडा लिहिला आणि गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी तुम्ही नळी आतून कापायला घेतलीत, मग धनुकलीची तार आतून ओढून सावलीवरून नळीचा बाक काढलात, मग 48 इंचांत एक फेर घेणारे सात चर पाडलेत, आणि प्रत्येक दिवसानंतर तोंड उघडणे अवघड होत गेले. रविवारी फोनवर तू शनिवार म्हणालीस तेव्हा मला ही गोष्ट सांगायची होती. त्याऐवजी मी ओरडलो.

ती जागा मागच्या टोकापासून चार-पाच इंचांवर आहे. दारू पेटते तिथून ती फार दूर नाही. बंदूक खांद्याला लावलीस तर ती जागा बरोबर तुझा चेहरा आणि डावा हात यांच्या मध्ये येते.

म्हणून सांगतो की पहिला बार खांद्याला लावून उडवू नकोस. नळी कुंद्यातून काढ, जाड ओंडक्याला किंवा जुन्या टायरला आवळून बांध, नळीच्या कानात, म्हणजे बाजूच्या बारीक भोकात, पेटवायची वात घाल आणि मोठ्या झाडामागे उभी राहा. दारूचे माप आणि गोळ्या नेहमीपेक्षा किती वाढवायच्या हे गुरुजींना विचारून ठरव. गोळी दारूवर पुरती टेकली पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर बिनदोष नळीसुद्धा फुगते; त्यासाठी गजावर खूण कर आणि ती खूण दर वेळी पाहा. दारू काळीच वापर, धूर न करणाऱ्या नव्या दारूची चिमूटही जवळ ठेवू नकोस. मागच्या बुचाचे तोंड नळीतल्या खांद्यावर सर्व बाजूंनी टेकले आहे याची काजळी लावून खात्री कर, नुसते आटे घट्ट बसले म्हणजे काम झाले असे समजू नकोस. रंजक, म्हणजे कानाशी पेटवायची बारीक दारू, ओतताना डोळ्यांवर चष्मा हवा, नंबरचा नव्हे, कारखान्यातला.

हे सगळे तुला ठाऊक आहे. बूच बसवताना काजळी मागितलीस ती माझ्याचकडे, आणि मी वर्गात उभा असल्यासारखा लिहीत सुटलो आहे. राग मानू नकोस. मधला परिच्छेद वाचला नाहीस तरी चालेल, पण त्यातले पहिले वाक्य वाच.

जुन्या लोकांनी कुठे नळ्या बांधून उडवल्या, असे तू विचारलेस. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला 1637 मध्ये सनद मिळाली आणि नळी वाढीव दारूने तपासून तिच्यावर ठसा मारण्याचे काम ते लोक आजही करतात. तुमच्या अमेरिकेत तसा कायदा नाही, हे मला मान्य आहे. पण कायदा नाही म्हणून लोखंड तुझ्याशी अधिक प्रेमाने वागेल असे नाही. पुन्हा शाळामास्तर झालो.

अण्णांचा डावा डोळा तू फोटोतच पाहिला आहेस. त्या दिवशीही सगळे ठीक होते, सुरुंग नेहमीचा होता आणि अण्णांनी त्याच सकाळी मला सायकलवर पुढे बसवून खाणीवर नेले होते. मी आठ वर्षांचा होतो. याहून अधिक मी तुझ्या आईलाही कधी सांगितलेले नाही आणि आज लिहिणार नाही. तुला घाबरवायचे नव्हते, फक्त माझा आवाज रविवारी कुठून आला ते कळावे म्हणून लिहिले.

माझे एक काम कर. बाराच्या आधी नळीचे बाहेरचे अंग धुऊन कोरडे कर आणि त्यावर खडूची पूड पाण्यात कालवून पातळ लेप दे. लेप वाळला की नळीचा कान बंद करून आत रॉकेल भर आणि रात्रभर नळी उभी ठेव. सांधा आरपार उघडा असेल तर सकाळी पांढऱ्यावर ओली रेघ उमटेल. टाक्यांचे वेल्डिंग आम्ही असेच तपासत होतो. सांधा आत अर्धवटच चिकटलेला असेल तर मात्र ही युक्ती काही दाखवणार नाही, आणि माझ्या मनात जी भीती आहे ती नेमकी तसल्या सांध्याची आहे. त्यासाठी ओंडका आणि वातच हवी. तुझ्या कचेरीत वेल्डिंगचे एक्स-रे काढणारे कोणी असेल तर त्याच्याकडेही नळी घेऊन जा. त्यात कमीपणा नाही. हाताने केलेली वस्तू यंत्राने तपासली म्हणून ती कमी हाताची होत नाही, असे मला वाटते. गुरुजींना ते पटणार नाही, त्यांना माझा नमस्कार सांग.

बार झाल्यावर नळी फुगली आहे का, हे डोळ्यांनी ठरवू नकोस. आधी आणि नंतर, मागच्या टोकापासून दर इंचावर, समोरासमोरच्या दोन-दोन बाजू धरून माप घे. आठ पैलू म्हणजे प्रत्येक इंचाला चार मापे होतील. आकडे वहीत उतरव आणि मला पाठव. कामाच्या 412 तासांची ती वही तू जपून ठेवली आहेस, त्यातच पुढची पाने वापर.

नळी फाटली तर तुझे कितीतरी महिने वाया जातील आणि त्यात माझा वाटा असेल. तसे झाले तर मी पुढच्या मे महिन्यात येईन, भाता मी ओढीन आणि तावांचे आकडे लिहीन. तोंड बंद ठेवीन. आणि ती टिकली तर दुसरा बार तू खुशाल खांद्याला लावून उडव, मला व्हिडिओ पाठव, आईला आधी दाखवू नकोस.

आई बरी आहे. गुडघ्याचे आता रोजचेच आहे. तुझ्या लसणाच्या चटणीचे पुडके गोखल्यांच्या सुनेबरोबर येत आहे.

तुझा,
बाबा

ता. क. माझा 25–50 चा मायक्रोमीटर तुझ्या तळघरात निळ्या डब्यात आहे. तो मी विसरलो नव्हतो. शून्याला तो एक घर पुढे दाखवतो, म्हणजे 0.01 मिलिमीटर, तेवढे प्रत्येक मापातून वजा कर.