बाटल्यांच्या मोराला वाली कोण?

संपादक महोदय,

दोन वर्षांपूर्वी स्वच्छता मोहिमेत आमच्या चौकात टाकाऊ बाटल्यांचा मोर उभा राहिला. शाळेच्या मुलांनी घरोघर फिरून बाटल्या गोळा केल्या होत्या. पिसाऱ्यातल्या डोळ्यांसाठी माझ्या नातीने निळी झाकणं पिशवीभर जमवली. परवा तिला घेऊन मुद्दाम जवळ गेले. उन्हाने बाटल्या पिवळ्या पडून तडकल्या आहेत. हात लावला तर पापडासारखा तुकडा निघतो. पायाशी कापून बसवलेल्या डब्यांत पावसाचं पाणी साचलंय, त्यात डासांच्या अळ्या. नात पिसाऱ्यात आपली झाकणं शोधत राहिली. मला फार वाईट वाटलं.

'टाकाऊतून टिकाऊ' म्हणताना टिकण्याचा विचार कुणी केला होता का?

चंडीगडचं रॉक गार्डन मी पाहिलंय. फुटक्या बांगड्या, कपबश्या, मडकी, चिनी मातीची भांडी सिमेंटमध्ये बसवून केलेल्या भिंती आणि माणसं-प्राणी आजही उन्हापावसात उभे आहेत. नेकचंद हे सरकारी रस्ते निरीक्षक. १९५७ पासून नोकरी सांभाळून, कुणाला कळू न देता, सरकारी जंगलाच्या जागेत ते हे घडवत होते. १९७५ मध्ये ते उघडकीस आलं. बांधकाम बेकायदाच होतं, पण लोक पाठीशी राहिले. १९७६ मध्ये बाग खुली झाली आणि नेकचंदांना त्याच कामासाठी पगार आणि ५० मजूर मिळाले. मला महत्त्वाचे वाटतात ते हे मजूर. कारण १९९६ मध्ये नेकचंद व्याख्यानांसाठी परदेशी असताना बागेचा निधी थांबला, तेव्हा तिथेही नासधूस झाली. पुढे एका संस्थेने देखभाल हाती घेतली, म्हणून बाग वाचली.

आमच्याकडे उद्घाटनाच्या मांडवाला पैसे असतात, वर्षभराच्या डागडुजीला नसतात. भर उन्हातल्या शिल्पाला प्लास्टिकच्या बाटल्या वापरूच नयेत. घराघरांत कान तुटलेले कप, चिरलेल्या लोणच्याच्या बरण्या पडून आहेत. त्या सिमेंटमध्ये बसवा. पाणी साचेल असा खळगा ठेवू नका. देखभाल कोणत्या विभागाकडे, हे शेजारी पाटीवर लिहा. आणि हा मोर उचलून कचरागाडीत टाकण्याआधी निदान त्या शाळेतल्या मुलांना बोलवा. दुरुस्तीला ती आनंदाने येतील.

आपली,
एक वाचक